लेन्स घ्यायच्या आधी कॅमेऱ्याच्या बॉडीचं मॉडेल सांगा (आणि ब्रँडचं काय ते)

कॅनन घेऊ का सोनी, की निकॉनच बरा, हे आम्हाला दुकानात रोज कोणीतरी विचारतंच आणि आम्ही एक नाव घेत नाही म्हणून काहीजण नाराजही होतात. पण खरंच सांगतो, एकाच रेंजमधल्या कॅमेऱ्यांच्या फोटोत आता फार फरक उरलेला नाही, निकॉनच्या कित्येक मॉडेलमधला सेन्सर तर सोनीनेच बनवलेला असतो. फरक पडतो तो हातात. ग्रिपवर करंगळी बसते का, चष्मा लावून व्ह्यूफाइंडरचे चारही कोपरे दिसतात का, मेनूत आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता ठरवणारं सेटिंग) चटकन सापडतो का. कॅननची लेन्स ज्या दिशेला फिरवून बसते त्याच्या उलट दिशेला निकॉनची बसते, फोकस रिंगचंही तसंच. दहा वर्षं एका दिशेची सवय झालेला माणूस ऐन कार्यक्रमात लेन्स बदलताना अडखळतो, त्यामुळे कोणी सवयीचाच ब्रँड धरून राहिला तर आम्ही त्याला अजिबात हट्टी म्हणत नाही.

आमचा वेळ जातो तो वेगळ्याच गोष्टीत. "माझा कॅमेरा कॅननचा आहे, कॅननची लेन्स द्या" एवढंच सांगून लेन्स नेतात आणि दोन दिवसांनी बसत नाही म्हणून परत आणतात. लेन्स ब्रँडवर बसत नाही हो, माउंटवर बसते, म्हणजे बॉडीच्या तोंडावर लेन्स अडकते त्या गोल खाचेवर. कॅननच्या जुन्या डीएसएलआरचा, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याचा, ईएफ माउंट वेगळा आणि २०१८ पासूनच्या ईओएस आर मिररलेसचा (यात आरसा नसतो) आरएफ वेगळा. निकॉनचं पण तेच, आधी एफ, आता झेड.

माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर ईएफमध्ये ४४ मिमी आहे, आरएफमध्ये २० मिमी. म्हणून जुनी ईएफ लेन्स नव्या बॉडीवर ॲडॉप्टर (मध्ये बसवायची जोडकडी) लावून छान चालते, मधले २४ मिमी ॲडॉप्टर भरून काढतो. उलटं होत नाही, कारण आरएफ लेन्स सेन्सरच्या जितकी जवळ हवी तितकी डीएसएलआरमध्ये जाऊच शकत नाही, मध्ये आरसा आहे. निकॉनवाल्यांनी अजून एक बघायचं, जुन्या एएफ-डी लेन्समध्ये फोकसची मोटर नसते, ती बॉडीत लागते. डी३५०० किंवा डी५६०० मध्ये ती नाही, एफ लेन्स झेड बॉडीवर बसवणाऱ्या एफटीझेड ॲडॉप्टरमध्येही नाही, म्हणजे लेन्स बसेल पण फोकस हाताने करावा लागेल.

आणि हे आजचं नाही. १९८७ मध्ये कॅननने एफडी माउंट सोडून ईएफ आणला तेव्हा एफडी लेन्सवाले अडकलेच, साध्या ॲडॉप्टरने इन्फिनिटीला, म्हणजे खूप लांबच्या गोष्टींवर, फोकसच होईना. याउलट मिनोल्टाचा १९८५ चा ए माउंट, कंपनीने २००६ मध्ये कॅमेऱ्याचा धंदा सोडला तरी पुढे सोनीच्या बॉडीवर चालत राहिला. नाव बदललं पण लेन्सा वाचल्या.

म्हणून बिल करायच्या आधी आम्ही बॉडीच्या मॉडेलचा फोटो मागतो. काहींना ही उगाच चौकशी वाटते, पण परत आलेल्या प्रत्येक लेन्सचे कॉन्टॅक्ट, मागची काच, माउंटवरचे ओरखडे सगळं तपासावं लागतं, जोर लावून बसवायचा प्रयत्न झालेला असतो आणि तेवढा वेळ दुसरं गिऱ्हाईक ताटकळतं. फोटो काढायला मिनिटभर पण लागत नाही.

ब्रँड बदलायचाच असेल तर आधी घरातल्या लेन्सांची यादी आणा, कुठली ॲडॉप्टरवर ऑटोफोकससकट चालेल ते आम्ही लावून दाखवतो, बऱ्याचदा नुसत्या ॲडॉप्टरवर काम भागतं आणि तो आमच्याकडे असतोच. नवी बॉडी दोन दिवस भाड्याने न्या, नंतर तीच घेतलीत तर भाडं बिलातून वजा करतो. येताना तुमची सगळ्यात जड लेन्स आणि स्वतःचं मेमरी कार्ड आणा, म्हणजे इथे काढलेले फोटो घरी मोठ्या स्क्रीनवर निवांत बघता येतील.