अ‍ॅपचा दर आणि पहिली पाच मिनिटं

अ‍ॅप तयार होत आलं की दोन कामं हमखास शेवटच्या आठवड्यावर ढकलली जातात. एक म्हणजे दराचं पान आणि दुसरं म्हणजे नवीन माणूस आत आल्यावर त्याला काय दिसणार ते. अ‍ॅप बनवणाऱ्यांसाठी आम्ही ही दोन्ही कामं करतो, आणि ती सुरुवातीलाच करायला घेतो. अ‍ॅप उघडणाऱ्याचं काहीतरी अडलेलं असतं, आणि ते सुटणार का आणि कितीला पडणार, एवढंच त्याला हवं असतं.

दराचं पान

खाणावळींच्या हिशेबाचं एक अ‍ॅप आम्ही केलं. मेंबर, खाडे आणि महिन्याचं बिल, एवढाच त्याचा व्याप. दराच्या पानावर मात्र चार प्लॅन मांडले आणि खाली बरोबरच्या खुणांचा अठरा ओळींचा तक्ता दिला. सदाशिव पेठेतल्या एका मावशींना ते पान दुपारी अडीचला, शेवटची पंगत उठल्यावर दाखवलं. त्यांनी ते दोनदा वरखाली सरकवलं आणि विचारलं, "माझ्याकडे साठ पोरं जेवतात. मला किती पडेल?" उत्तर पानावर होतं, पण ते शोधायला आम्हालाही वेळ लागला. चूक आमची होती. त्याच रात्री तक्ता काढून टाकला.

आता तिथे एकच प्रश्न आहे: मेंबर किती? ८० पर्यंत महिन्याला ५९० रुपये, त्यापुढे १,१८०. सोयी दोन्हींत सारख्याच.

५९० का, तर मूळ दर ५०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ९०. खाणावळ ५ टक्के जीएसटी भरत असेल तर तिला इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेला कर वळता करून घेण्याची सोय, मिळत नाही; म्हणजे मावशींच्या खिशातून पूर्ण ५९० जातात. मग पानावरही ५९०च हवेत. तुमचे ग्राहक क्रेडिट घेणारे व्यापारी किंवा कारखानदार असतील तर ५०० अधिक ९० असं वेगळं दाखवू, पण एकाच ओळीत. कर शेवटच्या स्क्रीनवर उगवता कामा नये. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३मध्ये फसव्या मांडणीचे १३ प्रकार ठरवून त्यांना मनाई केली. किंमत टप्प्याटप्प्याने उघड करणं आणि वर्गणी बंद करणं मुद्दाम अवघड ठेवणं, हे दोन्ही त्यात आहेत. 'ऑफर संपायला १० मिनिटं' असं खोटं घड्याळ लावायला कुणी सांगितलं तर आम्ही नाही म्हणतो, आणि कारणही सांगतो.

दर कशावर लावायचा, यावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवतो. ग्राहकाचा धंदा वाढला की जो आकडा वाढतो, त्यावर तो लावावा. खाणावळीत तो आकडा मेंबरांचा. मे महिन्यात पोरं गावी जातात आणि मेंबर निम्म्यावर येतात, तेव्हा प्लॅनही आपोआप खाली यायला हवा. ही सोय ठेवायला तुम्ही कचराल, हे आम्हाला माहीत आहे. तरीही ठेवा.

ऑटोपेबद्दल थोडक्यात: रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना जाते. पैसे कशाचे हे त्याला तेव्हा आठवलं पाहिजे, म्हणून बिलावर अ‍ॅपचं नाव स्पष्ट ठेवू. मोफत महिन्यासाठी आधीच मँडेट, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापण्याची परवानगी, मागू नये, असं आमचं ठाम मत आहे.

पहिली पाच मिनिटं

नवीन माणसाला आधी ओटीपी, मग नाव, जन्मतारीख, लोकेशन, सूचनांची परवानगी आणि वर पाच स्क्रीनची ओळख परेड असं लावलं, की तो दुसऱ्या स्क्रीनवरूनच मागे फिरतो. जन्मतारखेचं काम नसेल तर ती विचारूच नये.

मावशींच्या अ‍ॅपमध्ये आता उघडल्या उघडल्या तीन नमुन्याचे मेंबर दिसतात. एकाच्या नावापुढे बोट ठेवलं की खाडा पडतो आणि शेजारी बिलाची रक्कम लगेच कमी होते. वहीत जे त्या वर्षानुवर्षं करत आल्या, तेच. हे एकदा डोळ्यांनी पाहिल्यावर खालचं बटण येतं: 'आता तुमचे मेंबर भरा'. मोबाइल नंबर त्यानंतर मागायचा, कारण हिशेब साठवायला तो आता खरंच लागतो.

परवानग्यांचंही तसंच. अँड्रॉइड ११ पासून एखाद्या परवानगीला दोनदा नकार मिळाला की अ‍ॅपला ती चौकट पुन्हा दाखवता येत नाही, ग्राहकाला स्वतः सेटिंगमध्ये जावं लागतं. म्हणून सूचनांची परवानगी पहिल्या बिलाची आठवण लावताना मागतो.

बटणांवरचे शब्द आम्ही दुकानात बसून ठरवतो. 'अनुपस्थिती नोंदवा' असं कुणी बोलत नाही, म्हणून 'खाडा' हाच शब्द राहिला.

काम सुरू करताना

पहिल्या भेटीला अ‍ॅप नसलं तरी चालेल. तुमच्या ग्राहकाची आजची वही किंवा एक्सेल शीट घेऊन या, आणि असे तीन ग्राहक सांगा ज्यांच्याकडे आम्ही तासभर बसू शकू. आम्ही त्यांना काही शिकवणार नाही, फोन हातात देऊन फक्त बघणार. बोट कुठे थांबतं ते टिपून घेऊ आणि आठवड्याभरात दोन्ही पानांचा कच्चा आराखडा कागदावर तुमच्यापुढे ठेवू.