बाधित संगणकाची साक्ष

घरचा संगणक मंदावला, ब्राउझर भलत्याच पानांवर जाऊ लागला, की पहिला सल्ला मिळतो तो फुल स्कॅनचा. स्कॅन संपतो, 'धोका आढळला नाही' असा निकाल येतो आणि घरातले निश्चिंत होतात. पण हा निकाल देतो कोण? ज्याच्यावर संशय आहे तोच संगणक. मालवेअर, म्हणजे व्हायरससारखे घातक प्रोग्रॅम, शोधण्याचा आणि काढण्याचा इतिहास बराचसा या एका अडचणीभोवती फिरत आला आहे. ती अडचण समजून घेतली, तर आजचे सल्ले असे का आहेत हेही कळते.

सुरुवात निरुपद्रवी होती. १९७१ च्या सुमारास बॉब थॉमस यांनी इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेट या जाळ्यावर एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात जाणारा 'क्रीपर' हा प्रोग्रॅम प्रयोग म्हणून लिहिला, आणि रे टॉमलिन्सन यांनी त्याला शोधून पुसणारा 'रीपर' लिहिला. घरगुती संगणकांत हे लोण १९८२ मध्ये पोहोचले. रिच स्क्रेंटा या शाळकरी मुलाचा 'एल्क क्लोनर' ॲपल टू संगणकांवर फ्लॉपीमधून पसरे आणि दर पन्नासाव्या वेळी पडद्यावर एक कविता दाखवी.

खरी मेख १९८६ मध्ये कळली. लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांचा 'ब्रेन' हा आयबीएम पीसीवरचा पहिला व्हायरस मानला जातो. तो ३६० केबीच्या फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना सर्वांत आधी वाचल्या जाणाऱ्या भागात, बसे आणि तिथला मूळ मजकूर दुसरीकडे हलवून ठेवी. व्हायरस मेमरीत सक्रिय असताना कोणी बूट सेक्टर तपासायला गेले, तर तो ती विनंती मध्येच अडवून जपून ठेवलेला मूळ मजकूरच पुढे करी. तपासणाऱ्याला सगळे जागच्या जागी दिसे. म्हणून त्या काळच्या जाणकारांचा एक नियम ठरला: आधी स्वच्छ, राइट-प्रोटेक्ट केलेल्या (काही लिहिता येणार नाही अशा) फ्लॉपीवरून संगणक सुरू करायचा, मगच तपासायचा. संशयिताला झोपवून त्याची झडती घ्यायची, असा तो मार्ग होता, आणि माझ्या मते त्यापेक्षा शहाणा मार्ग अजूनही सापडलेला नाही.

त्याच दशकात अँटिव्हायरसचा धंदा उभा राहिला. पद्धत सोपी होती. प्रत्येक व्हायरसच्या कोडमधला एखादा वैशिष्ट्यपूर्ण तुकडा, म्हणजे सिग्नेचर, यादीत टाकायचा आणि डिस्कवरच्या फाइल्स त्याच्याशी ताडून पाहायच्या. १९९० मध्ये '१२६०' या व्हायरसने या पद्धतीला तडा दिला. प्रत्येक नव्या लागणीत तो स्वतःला वेगळ्या रीतीने कुलूपबंद करून आपले रूप बदले, त्यामुळे ताडून पाहायला कायमचा तुकडाच उरेना. यावर तोड म्हणून संशयित फाइल एका आभासी प्रोसेसरवर चालवून, ती स्वतःचे कुलूप उघडेपर्यंत वाट पाहणारे स्कॅनर आले. तरीही शंभर टक्के खात्री मिळणार नव्हतीच. कोणताही प्रोग्रॅम व्हायरस आहे की नाही हे प्रत्येक वेळी अचूक सांगणारी पद्धत असूच शकत नाही, हे फ्रेड कोहेन यांनी ऐंशीच्या दशकातच गणिताने दाखवून दिले होते. 'संपूर्ण संरक्षण' अशी जाहिरात दिसली की हा सिद्धांत आठवावा.

दोन हजारनंतर इंटरनेट घरोघरी पोहोचले आणि काढण्याचे काम शोधण्याहून अवघड झाले. जाहिराती दाखवणारे, टूलबार बसवणारे, ब्राउझरचे मुखपृष्ठ पळवणारे प्रोग्रॅम रेजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात, दहा ठिकाणी मुळे रोवत. एकाला बंद केले की जोडीला चालणारा दुसरा त्याला पुन्हा सुरू करी. सेफ मोडमध्ये जाऊन साफ करा हा सल्ला या काळात रुळला, कारण त्या मोडमध्ये विंडोज मोजकेच प्रोग्रॅम सुरू करते. 'हायजॅकधिस'सारखे साधन तर निवाडा देतच नसे. संगणक सुरू होताना काय काय चालू होते याची यादी ते काढून देई आणि ठरवण्याचे काम माणसावर सोडी. बरेच लोक यातूनच आपला संगणक वाचायला शिकले.

ऑक्टोबर २००५ मध्ये ब्रेनची जुनी युक्ती अनपेक्षित ठिकाणी दिसली. सोनी बीएमजीच्या काही संगीत सीडी संगणकात घातल्या की कॉपी रोखणारे सॉफ्टवेअर बसे आणि विशिष्ट अक्षरांनी सुरू होणाऱ्या नावाची प्रत्येक फाइल विंडोजपासून लपवी. विंडोजचे जाणकार मार्क रुसिनोविच यांनी ते पकडले ते दोन जबान्या ताडून: विंडोज सांगते ती फाइल्सची यादी आणि डिस्क थेट वाचून मिळणारी यादी. दोन्हींत जो फरक पडला, तोच रूटकिट, म्हणजे विंडोजपासून स्वतःला लपवणारे सॉफ्टवेअर. पुढे ते काढण्यासाठी दिलेल्या साधनानेच सुरक्षेत नवे भगदाड पाडले. काढणाऱ्यावरचा विश्वास त्यानंतरच्या काही वर्षांत आणखी डळमळला, कारण 'तुमच्या संगणकात व्हायरस सापडले' असे सांगून पैसे मागणारे बनावट अँटिव्हायरस सर्वत्र पसरले.

विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर पूर्ण अँटिव्हायरस म्हणून विंडोजबरोबरच येऊ लागला आणि वेगळे काही विकत न घेणाऱ्यांनाही बऱ्यापैकी संरक्षण मिळाले. २०१६ मध्ये विंडोज १० च्या आतच ऑफलाइन स्कॅनची सोय आली. त्यात नेहमीचे विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी होते. फ्लॉपीच्या काळातला तोच नियम आता एका बटणावर आला आहे, आणि संशय दाट असेल तर साध्या स्कॅनपेक्षा आधी हा करावा.

मात्र मालवेअर काढले म्हणजे नुकसान भरून निघाले, असे दर वेळी होत नाही. १९८९ मध्ये टपालाने पाठवलेल्या 'एड्स' फ्लॉपीतला ट्रोजन (उपयोगी असल्याचे भासवणारा घातक प्रोग्रॅम) फाइल्सची नावे कुलूपबंद करून १८९ डॉलर पनामाच्या पत्त्यावर पाठवायला सांगे. पण त्याची किल्ली प्रोग्रॅममधूनच शोधता आली आणि सोडवणारे साधन लवकरच तयार झाले. २०१३ च्या 'क्रिप्टोलॉकर'ने ती वाट बंद केली. त्याची किल्ली गुन्हेगारांच्या सर्व्हरवर असे, त्यामुळे प्रोग्रॅम पुसला तरी फोटो आणि कागदपत्रे बंदच राहत. संगणकापासून तोडून ठेवलेला बॅकअप हा सल्ला तेव्हापासून इतका आग्रहाने दिला जातो. २०१८ मध्ये तर ईसेट या अँटिव्हायरस कंपनीच्या संशोधकांना 'लोजॅक्स' सापडला. तो मदरबोर्डवरच्या यूईएफआय चिपमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी संगणक सुरू करणाऱ्या चिपमध्ये, राहतो, म्हणजे हार्ड डिस्क बदलूनही जात नाही. घरगुती संगणकात असे क्वचितच घडते, त्यामुळे बहुतेक वेळा सगळे पुसून विंडोज नव्याने बसवणे पुरेसे ठरते.

आज घरांत जास्त त्रास देतात ते माहिती चोरणारे मालवेअर. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि लॉगिन टिकवणाऱ्या कुकीज ते उचलून नेतात, आणि काही तर काम झाल्यावर स्वतःच नाहीसे होतात. अशा वेळी स्कॅन स्वच्छ येतो आणि तो खोटाही नसतो, तरी खाती उघडी पडलेली असतात. म्हणून पासवर्ड दुसऱ्या, खात्रीच्या उपकरणावरून बदलायचे, आधी ईमेलचा आणि मग बँकेचा, आणि प्रत्येक खात्यात 'सर्व उपकरणांवरून लॉग आउट' करायचे.