परळीच्या चिमणीपासून काळ्या पाषाणापर्यंत

परळीत थर्मल, म्हणजे कोळशावरचं वीजकेंद्र म्हटलं की पहिली आठवते ती राख. वाळत घातलेल्या धोतरावर बसणारी, वीटभट्टीकडे निघालेल्या टिप्परमधून रस्ताभर सांडणारी. राख दिसते, म्हणून तिच्यावर भांडणं तरी होतात. त्याच चिमणीतला कार्बन डायऑक्साइड दिसत नाही. कोळशाच्या धुरात तो असतो बारा-पंधरा टक्के, बाकी मुख्यतः नायट्रोजन. या गर्दीतून तेवढाच वेगळा काढायचा, ही सगळी खटपट.

रीत मात्र जुनी. अमेरिकेत रॉबर्ट बॉटम्स यांना १९३० साली अमाइनच्या (अमोनियाच्या कुळातल्या रसायनांच्या) वापराचं पेटंट मिळालं, तेही वायू शुद्ध करण्यासाठी. हवामानबदल तेव्हा कुणाच्या गावी नव्हता. धूर थंड करून साधारण ४० अंशांवर अमाइनच्या द्रावणातून न्यायचा, की कार्बन डायऑक्साइड त्यात अडकतो. द्रावण १२० अंशांच्या आसपास तापवलं की तो सुटतो आणि द्रावण पुन्हा कामाला लागतं. गोम इथेच आहे. तापवायला लागणारी वाफ टर्बाइनच्या तोंडचीच काढून घ्यावी लागते, म्हणजे वीज घटते. त्यात धुरातला गंधक अमाइन नासवतो, म्हणून धूर आधी धुऊन घ्यायचा.

पुढे पैसा लागला तो तेलामुळे. १९७२ पासून टेक्सासात हा वायू तेलविहिरींत दाबून उरलंसुरलं तेल वर काढू लागले. नॉर्वेने १९९१ मध्ये कार्बनवर कर बसवला आणि १९९६ पासून स्लाइपनर या समुद्रातल्या नैसर्गिक वायूच्या क्षेत्रातला कार्बन डायऑक्साइड समुद्रतळाखाली जाऊ लागला. कोळशाच्या वीजसंचावर मोठ्या प्रमाणात हे जमलं थेट २०१४ मध्ये, कॅनडातल्या बाउंड्री डॅमला. टेक्सासचा पेट्रा नोव्हा २०१७ मध्ये सुरू झाला, तेलाचे भाव कोसळल्यावर २०२० मध्ये थांबला, २०२३ मध्ये पुन्हा चालू झाला. आपल्याकडे तुतिकोरिनच्या एका कारखान्यात २०१६ पासून कोळशाच्या बॉयलरचा वायू पकडून सोडा अॅश करतात. विंध्याचलच्या वीजकेंद्रात एनटीपीसी या सरकारी वीज कंपनीचा दिवसाला २० टनांचा प्रकल्प आहे. आकडा लहानच.

परळीत १९७१ पासून वीज होते. पण २०१३ च्या दुष्काळात खडका बंधारा आटला आणि पाण्यावाचून संच बंद ठेवावे लागले. वायू पकडायचा तर थंड करायला आणखी पाणी हवं. ते आणायचं कुठून?

पकडलेला वायू पुरायचा कुठे, यावर मराठवाड्याचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, सुचवला जातो. आइसलँडमध्ये २०१२ मध्ये बेसॉल्टात सोडलेला वायू दोन वर्षांच्या आत ९५ टक्क्यांहून जास्त दगड झाला. पण दख्खनचा थर सह्याद्रीकडून पूर्वेला पातळ होत जातो. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला बोअर घेतलं तेव्हा बेसॉल्ट सुमारे ३३८ मीटरांवर संपला. वायू दाट ठेवायला ८०० मीटर तरी खोली लागते. आइसलँडवाले तो पाण्यात विरघळवून कमी खोलीवर सोडतात खरे, पण तिथे एक टन वायूला सुमारे २५ टन पाणी लागतं.