असेंब्ली लाइन

असेंब्ली लाइन म्हणजे उत्पादनाची अशी मांडणी, जिच्यात कामगार आपल्या जागी थांबतो आणि काम त्याच्यापुढे चालत येते. वस्तूची जुळणी लहान लहान टप्प्यांत तोडलेली असते. प्रत्येक टप्प्यावर ठरलेला भाग ठरलेल्या वेळात बसवायचा आणि वस्तू पुढे जाऊ द्यायची. मराठीत तिला जुळणी साखळी म्हणता येते, पण कारखान्यात तिचे नाव नुसते ‘लाइन’. ‘लाइन बंद पडली’ असे मुंबईत घरी सांगितले तर ऐकणाऱ्याला लोकल आठवते. शॉप फ्लोरवर ते ऐकून मॅनेजर केबिनमधून धावत येतो.

चालता पट्टा ही या पद्धतीची खूण मानली जाते. पट्टा हे साधन झाले. खरा बदल कामाचा वेग कोण ठरवणार, यात आहे. सुतार आपल्या हाताच्या वेगाने काम करतो, लाइनवरचा कामगार लाइनच्या. मुंबईत हा वाद मोटारीच्या कारखान्यांआधी कापडगिरण्यांत पेटला होता.

उगम

अमेरिकेतले मोटार उत्पादक रॅन्सम ओल्ड्स यांनी १९०१ च्या सुमारास मोटारींची टप्प्याटप्प्याने जुळणी सुरू केली. चालती लाइन मात्र हेन्री फोर्ड यांच्या हायलंड पार्क कारखान्यातली. शिकागोच्या खाटीकखान्यांत टांगलेले जनावर सरकत जाई आणि प्रत्येक कामगार त्याचा एकेक भाग कापून घेई. फोर्डच्या माणसांनी ही ‘मोडणी’ उलटी फिरवून जुळणी केली. एप्रिल १९१३ मध्ये पहिला प्रयोग मॅग्नेटोवर, म्हणजे इंजिनाला ठिणगी देणाऱ्या भागावर, झाला. एक कामगार अख्खा मॅग्नेटो सुमारे २० मिनिटांत जुळवीत असे. ते काम २९ जणांत वाटल्यावर वेळ १३ मिनिटे १० सेकंदांवर आला. पुढे लाइन ८ इंचांनी उंच केली, कामगारांचे वाकणे वाचले आणि वेळ ७ मिनिटांवर उतरला. चॅसिसच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, जुळणीला साडेबारा तासांच्या आसपास लागत, ती १९१४ मध्ये १ तास ३३ मिनिटांत होऊ लागली. १९०८ मध्ये ८५० डॉलरला मिळणारी फोर्डची मॉडेल टी मोटार १९२५ मध्ये २६० डॉलरपर्यंत स्वस्त झाली.

माणसे मात्र टिकेनात. १९१३ मध्ये फोर्डकडे कामगार सोडून जाण्याचे वार्षिक प्रमाण ३७० टक्के होते. एकच जागा वर्षात तीनचारदा भरावी लागे. जानेवारी १९१४ मध्ये जाहीर झालेली पाच डॉलर रोजी आणि आठ तासांची पाळी हा मुख्यतः त्यावरचा उपाय होता. त्याकडे निव्वळ औदार्य म्हणून पाहण्याची प्रथा आहे, ती सोडलेली बरी.

लाइनचे गणित

लाइनचे व्यवस्थापन एका भागाकारावर उभे असते. आठ तासांच्या पाळीत ४८० मिनिटे. जेवणाची ३० आणि दोन चहांची मिळून २० मिनिटे वजा केली की उरतात ४३०. बाजाराला रोज २१५ नग हवे असतील, तर दर २ मिनिटांनी एक नग बाहेर पडला पाहिजे. हा ठोका ठरला की बाकी सगळे त्याला बांधले जाते. नगाचे एकूण काम १८ मिनिटांचे असेल तर निदान ९ टप्पे हवेत. त्यातल्या एकाच टप्प्याला अडीच मिनिटे लागली, तर उरलेले आठ जण कितीही चपळ असोत, दिवसाअखेर १७२ नगच निघतात. मग त्या अडकलेल्या टप्प्याचे काम शेजाऱ्यांत वाटणे, हत्यार बदलणे, सुटे भाग हाताशी आणून ठेवणे, हे उपाय सुरू होतात. मिनिटे मोजणारा इंजिनीअर, रजेवरच्या माणसाच्या जागी उभा राहणारा रिलीव्हर, साठ्याची चिंता वाहणारा स्टोअरकीपर, हे सगळे या भागाकाराभोवतीच काम करतात.

घड्याळ लावून काम मोजण्याचे शास्त्र अमेरिकन इंजिनीअर फ्रेडरिक टेलर यांनी १९११ मध्ये पुस्तकरूपाने मांडले होते. टेलरना कामगाराला वेग शिकवावा लागे. लाइनने ती गरजच संपवली.

दोन साचे की तीन?

मुंबईच्या गिरणीत असेंब्ली लाइन नव्हती, पण कापूस साफ करणारी ब्लो रूम, पिंजणारे कार्डिंग, सूत कातणारे रिंगखाते, कापड विणणारे साचाखाते असा माल प्रवाहानेच पुढे जाई. १९२० च्या दशकात मालकांनी ‘कार्यक्षमते’च्या नावाखाली विणकराने दोनऐवजी तीन साचे (यंत्रमाग) आणि कातणाऱ्याने रिंगफ्रेमची, म्हणजे कातण्याच्या यंत्राची, एकाऐवजी दोन्ही अंगे सांभाळावीत अशी योजना आणली. १९२८ चा एप्रिल ते ऑक्टोबर चाललेला सार्वत्रिक संप ज्या कारणांनी पेटला, त्यांत ही योजना ठळक होती. सुमारे दीड लाख कामगार बाहेर पडले आणि संप मिटवताना वादाच्या चौकशीसाठी फॉसेट समिती नेमावी लागली. सूत वारंवार तुटत असेल तर तिसरा साचा म्हणजे केवळ जास्त धावपळ, हा विणकरांचा मुद्दा साधा आणि बिनतोड होता.

याच प्रश्नाला जपानमध्ये दुसरे उत्तर निघत होते. साकिची टोयोडा यांनी धागा तुटताच आपोआप थांबणारा साचा बनवला. यंत्र स्वतःच थांबते म्हटल्यावर एका माणसाला पहारा न देता अनेक साचे सांभाळता येऊ लागले. १९२९ मध्ये या साच्याचे हक्क ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सने घेतले. मुंबईच्या कित्येक गिरण्यांची यंत्रे याच प्लॅटची. टोयोडांच्या कुटुंबाने पुढे मोटारी काढल्या आणि ‘दोष दिसला की थांब’ हे तत्त्व लाइनवर आले. टोयोटाचे इंजिनीअर ताइची ओनो यांच्या पद्धतीत कामगार दोरी ओढून लाइन थांबवू शकतो, आणि कानबान म्हणजे चिठ्ठी आल्याशिवाय मागचा टप्पा माल बनवत नाही. वेगाचा थोडासा ताबा कामगाराकडे परत आला, तो असा.

मुंबईतल्या लाइनी

१९२८ मध्ये जनरल मोटर्सने शिवडीला जुळणी सुरू केली. खोक्यांतून आलेले सुटे भाग इथे जोडून शेवरोले मोटारी बाहेर पडत. वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ मध्ये स्थापन झाली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ पासून गाड्या निघू लागल्या. महिंद्रांनी माझगावात विलीज जीपची जुळणी केली. १९५३ मध्ये सरकारच्या टॅरिफ कमिशनने (आयात शुल्क आयोगाने) गाड्यांचे भाग देशातच बनवण्याचा कार्यक्रम नसलेल्यांना थारा देऊ नये असे सुचवले, आणि परकी कंपन्यांनी गाशा गुंडाळला.

नंतरच्या परवाना राज्यात लाइनचा ठोका बाजार ठरवीत नव्हता, परवाना ठरवीत होता. प्रीमियरची फियाट, म्हणजे पुढची पद्मिनी, घ्यायची तर नाव नोंदवून वाट पाहावी लागे. ताटकळत उभे गिऱ्हाईक दाराशी असताना मिनिटे वाचवण्याची घाई कोणाला? मारुतीची गाडी डिसेंबर १९८३ मध्ये गुडगावहून आली आणि हा निवांतपणा संपला. तोवर मुंबईची जमीन लाइन टाकण्यासाठी फार महाग झाली होती. नवे कारखाने पिंपरी, नाशिक, चाकणकडे गेले.

शहरात उरल्या त्या आखूड लाइनी. अंधेरीच्या सीप्झ या निर्यात उद्योगांच्या वसाहतीत १९७३ पासून निर्यातीसाठी इलेक्ट्रॉनिक वस्तूंची जुळणी सुरू झाली. शिवणाच्या कारखान्यांत एक जण कॉलर, दुसरा बाही, तिसरा काज-बटण करतो, तीही लाइनच. तिथे पट्टा नसतो, गठ्ठा हाताने पुढे सरकतो. डबेवाल्यांना मात्र या यादीत ओढण्याची हौस आवरावी. ते काहीच जुळवत नाहीत. त्यांचे कौशल्य वर्गवारीचे आणि वाटपाचे आहे.

या विषयाचे शिक्षण देण्यासाठी केंद्र सरकारने आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या साहाय्याने १९६३ मध्ये पवईजवळ विहार तलावाच्या काठी एक संस्था काढली. ‘नीटी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संस्थेत अनेक कारखान्यांचे इंजिनीअर कामाचे टप्पे पाडायला आणि मिनिटे मोजायला शिकले. २०२३ मध्ये तिचे आयआयएम मुंबई झाले.