मिरज-सांगलीहून परदेशी सेवादौऱ्यावर जाताना : आधी कागद, मग तिकीट

दोन आठवड्यांच्या सेवादौऱ्याला, म्हणजे चर्चच्या कामासाठी परदेशी, जायचं ठरलं की आमच्याकडे पहिली चर्चा गाण्यांची होते आणि दुसरी बॅगेत शेंगदाण्याची चटणी किती न्यायची याची. कागदपत्रांचा विषय निघतो तो तिकीट काढून झाल्यावर. आमच्या मंडळीतून (म्हणजे चर्चमधून) जाणाऱ्या गटांची कागदपत्रं लावून द्यायचं काम काही वर्षं माझ्याकडे आहे, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. यातलं बरंचसं सुवार्तिक, पाळक, परिचारिका, तरुण संघातली मुलं अशा सगळ्यांना लागू पडतं.

सगळ्यात आधी एक प्रश्न : तुम्ही तिथे नेमकं काय करणार? बहुतेक जण व्हिसाच्या अर्जात डोळे मिटून 'पर्यटन' टाकतात. 'आपण कुठे नोकरी करायला चाललोय, सेवाच तर आहे' असं त्यावरचं उत्तर. पण सेवा हा शब्द व्हिसाच्या कायद्यात नाही. तिथे पर्यटन, व्यवसाय, स्वयंसेवा, धार्मिक काम, नोकरी असे कप्पे असतात आणि पगार घेतला नाही म्हणून धार्मिक काम पर्यटन होत नाही. आपल्याच देशाचं बघा. बाहेरून येणाऱ्या मिशनऱ्यासाठी भारताचा वेगळा मिशनरी व्हिसा आहे आणि टुरिस्ट व्हिसावर आलेल्या पाहुण्याला इथे धर्मप्रचार करता येत नाही. ओसीआय कार्ड असलेल्या, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांनाही मिशनरी कामासाठी खास परवानगी लागते, हे केंद्राने मार्च 2021 मध्ये स्पष्ट केलं. ज्या गावात डॉ. वानलेस यांनी 1894 साली मिशन हॉस्पिटल उभं केलं, त्या मिरजेच्या माणसाला हा भेद कळायला जड जाऊ नये.

देशागणिक हा कप्पा बदलतो. अमेरिकेला ठरावीक मुदतीच्या मिशनरी किंवा स्वयंसेवी कामासाठी बी-1 व्हिसा चालतो. मात्र तिथून पगार घ्यायचा नाही, तिथे वस्तू विकायच्या नाहीत की देणग्या मागायच्या नाहीत. एखाद्या चर्चमध्ये पगारी सेवेला जायचं तर तो आर-1 आणि त्याला त्या पंथाचं किमान 2 वर्षांचं सभासदत्व दाखवावं लागतं. मुलाखत मुंबईच्या वकिलातीत. ब्रिटनमध्ये साध्या व्हिजिटर व्हिसावर आलेल्या पाळकाला उपदेश करता येतो आणि नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत स्वयंसेवाही करता येते, पण ती एकूण 30 दिवसांपर्यंत आणि भेटीचा मुख्य हेतू तो नसेल तरच. केनियाला साध्या भेटीसाठी आता व्हिसा नाही. जानेवारी 2024 पासून ऑनलाइन ईटीए, म्हणजे प्रवासाची आगाऊ परवानगी, घ्यावी लागते. प्रत्यक्ष काम करायचं असेल तर थोड्या दिवसांसाठी स्पेशल पास आणि लांबच्या मुक्कामासाठी धार्मिक व धर्मादाय कामाचं 'क्लास आय' परमिट असतं. यजमान मंडळीने तिकडून कागद लावल्याशिवाय हे मिळत नाही. त्यामुळे तिकडच्या माणसाला पहिला फोन करायचा तो 'आमच्यासाठी कोणता पास काढताय?' हे विचारायला.

नेपाळबद्दल जरा थांबून सांगतो, कारण 'नेपाळ काय, पासपोर्टपण लागत नाही' म्हणून सगळ्यात जास्त गट तिकडेच जायला बघतात. व्हिसा लागत नाही हे खरं. विमानाने जाताना पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र हवं. आधार फक्त 15 वर्षांखालच्या आणि 65 वर्षांवरच्यांना चालतं, पंचविशीतल्या मुलाने ते दाखवून उपयोग नाही. पण खरी अडचण पुढे आहे. नेपाळच्या 2015 च्या संविधानाने दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई केली आहे आणि ऑगस्ट 2018 पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेत त्यासाठी 5 वर्षांपर्यंत कैद आणि 50 हजार रुपयांपर्यंत दंड आहे. परदेशी माणसाला शिक्षा भोगून झाल्यावर देशाबाहेर काढतात. तिथल्या विश्वासणाऱ्यांना (ख्रिस्ती बंधुभगिनींना) भेटणं, त्यांच्या उपासनेत बसणं वेगळं आणि बाजारात पत्रकं वाटणं वेगळं. पत्रकं वाटून तुम्ही परत याल, पण तिथल्या पाळकाला तिथेच राहायचं असतं. म्हणून त्यांनी 'हे नको' म्हटलं की आपण गप बसायचं.

आता पासपोर्ट. सांगली आणि साताऱ्याला टपाल कार्यालयात केंद्र झाल्यापासून पुण्याची खेप वाचली. अर्ज सरकारी पासपोर्ट सेवा पोर्टलवरच भरा. सर्चमध्ये वर दिसणाऱ्या एजंटांच्या साइट जास्तीचे पैसे घेतात. प्रौढांच्या 36 पानी पासपोर्टला 1500 रुपये, तत्काळ हवा असेल तर आणखी 2000, लहान मुलांना 1000. परतीच्या तारखेनंतरही 6 महिने मुदत उरली पाहिजे आणि 2 पानं कोरी हवीत. ईसीआर शिक्का (परदेशी नोकरीआधी सरकारी तपासणी लागते असा) असेल तर घाबरू नका. तो दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर असतो आणि ठरावीक 18 देशांत नोकरीला जातानाच आड येतो.

अडतं ते नावात. आमच्या गटातल्या एका काकूंचं नाव आधारवर रूथ, शाळेच्या दाखल्यावर रुतबाई आणि बँकेत तिसरंच स्पेलिंग. त्यात लग्नाआधीचं आडनाव एका कागदावर आणि नंतरचं दुसऱ्यावर. सगळं सारखं करून घ्यायला तीन महिने गेले आणि त्यांची ती खेप हुकली. बाप्तिस्म्याचा दाखला आपल्याला कितीही मोलाचा असला तरी पासपोर्टला जन्मतारखेचा पुरावा म्हणून तो चालत नाही. शाळा सोडल्याचा दाखला, जन्म दाखला, पॅन असं काहीतरी लागतं. 1 ऑक्टोबर 2023 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या लेकरांना तर फक्त जन्म दाखलाच. आणि पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी ठेवू नका. एकच नाव असलेल्या प्रवाशाला संयुक्त अरब अमिरातीत व्हिजिट व्हिसावर घेत नाहीत, आणि दुबईत थांबून पुढे जायचा बेत बऱ्याच गटांचा असतो.

व्हिसाच्या फाइलमध्ये दोन पत्रं महत्त्वाची. यजमान मंडळीचं निमंत्रण लेटरहेडवर हवं, त्यांच्या नोंदणी क्रमांकासह. कोण येणार, कोणत्या तारखांना, कुठे राहणार, काय करणार आणि खर्च कोणाचा, हे सगळं त्यात स्पष्ट पाहिजे. 'प्रभूच्या नावात तुमचं स्वागत' एवढ्यावर व्हिसा अधिकारी समाधानी होत नाही. दुसरं आपल्या पाळकसाहेबांचं, तुम्ही कधीपासून सभासद आहात आणि परत येऊन कोणती जबाबदारी सांभाळणार ते सांगणारं. धर्मप्रांताच्या (बिशपांच्या) कार्यालयाचं पत्र जोडलं तर वजन वाढतं. दोन्ही पत्रांतली तारीख आणि खर्चाचा तपशील एकमेकांशी जुळतो का, हे दोनदा वाचून बघा.

परत येणार याचा पुरावा म्हणून नोकरदारांनी रजेचं पत्र, पगाराच्या स्लिपा आणि 6 महिन्यांचं बँक स्टेटमेंट लावायचं. तासगावकडचा द्राक्षबागायतदार काय लावणार? सातबारा, ऊस असेल तर कारखान्याची बिलं, व्यापाऱ्याच्या पट्ट्या. हे सगळं मराठीत असतं, तेव्हा इंग्रजी भाषांतर करून, भाषांतरकाराच्या सहीने जोडा. अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात अचानक दोन लाख जमा झालेले दिसले तर ते कोणाचे हे विचारतातच. सगळ्यांनी मिळून पैसे दिले असतील तर तसं लिहून द्या, त्यात लाज कसली.

मुलांमध्ये काम करायचं असेल तर यजमान पोलिस क्लिअरन्स मागतात. तेही पासपोर्टच्याच पोर्टलवर, 500 रुपयांत. मिरजेचे बरेच जण डॉक्टर किंवा सिस्टर म्हणून वैद्यकीय शिबिराला जातात. त्यांनी लक्षात ठेवायचं की इथली नोंदणी तिथे चालत नाही. केनियात परदेशी डॉक्टरला तिथल्या वैद्यकीय परिषदेचा तात्पुरता परवाना घ्यावा लागतो. तो हातात नसेल तर रक्तदाब मोजायलाही बसू नये, असं माझं मत.

केनिया, युगांडासारख्या देशांतून परतताना भारताच्या विमानतळावर पिवळ्या तापाच्या लसीचं कार्ड विचारतात. नसेल तर 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस सगळीकडे मिळत नाही, पुण्या-मुंबईसारख्या शहरांतल्या ठरावीक केंद्रांवरच मिळते. टोचून घेतल्यावर 10 दिवसांनी प्रमाणपत्र ग्राह्य होतं आणि मग आयुष्यभर चालतं. अंड्याची तीव्र ॲलर्जी, गरोदरपण किंवा साठीच्या पुढचं वय असेल तर आधी डॉक्टरला विचारा.

सरकारी नोकरीतल्यांना आणखी एक पायरी आहे. सरकारी रुग्णालयातल्या सिस्टरचं तिकीट आणि राहणं-जेवण परदेशी मंडळी करणार असेल, तर एफसीआरए या परदेशी देणग्या आणि पाहुणचारावरच्या कायद्याच्या कलम 6 प्रमाणे गृह मंत्रालयाची आधी परवानगी लागते. एफसी-2 हा ऑनलाइन अर्ज प्रवासाच्या किमान 2 आठवडे आधी पोहोचला पाहिजे आणि त्यासोबत आपल्या खात्याची मंजुरी जोडावी लागते. ती मंजुरी दोन आठवड्यांत येईल अशा भरवशावर राहू नका. स्वतःच्या पैशाने जाणाऱ्याला एफसी-2 नको, पण खात्याची रजा आणि परवानगी लागतेच. खासगी नोकरीत किंवा शेतीत असणाऱ्यांना हे कलम लागू नाही.

मंडळीचा ट्रस्ट खर्च करणार असेल तर आधी सीएला गाठा. भारताबाहेर केलेल्या खर्चाला आयकरातली सूट सहसा मिळत नाही आणि धर्मादाय आयुक्तांकडच्या हिशेबातही तो दिसतो.

शेवटच्या रविवारी तिकडच्या मंडळीचे वडीलजन प्रेमाने एक पाकीट हातात देतात, 'तुमच्या मंडळीच्या छपरासाठी'. नाही म्हणणं जिवावर येतं. पण परदेशी देणगी फक्त एफसीआरए नोंदणी किंवा सरकारची पूर्वपरवानगी असलेली संस्थाच घेऊ शकते, आणि तीही स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातूनच. नोंदणी नसलेल्या मंडळीसाठी खिशातून आणलेले डॉलर हा गुन्हा ठरतो, आणणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचाही. आमचा गट आता निघायच्या आधीच यजमानांना ईमेलने कळवतो की पाकीट देऊ नका. पहिल्या वेळी त्यांना वाईट वाटलं. दुसऱ्या वेळी पाकिटाऐवजी त्यांनी चहाची पुडकी दिली.