भात्याच्या कॅमेऱ्याला परवडणारी डिजिटल बॅक

प्रियोळ येथील मंगेशीच्या देवळासमोरच्या सात मजली दीपस्तंभाचे छायाचित्र साध्या कॅमेऱ्याने जवळून घ्यायचे म्हटले, की कॅमेरा वर उचलावा लागतो आणि तो उचलला, की स्तंभाच्या उभ्या कडा माथ्याकडे एकमेकींवर झुकू लागतात. भात्याचा लार्ज फॉर्मॅट कॅमेरा ही अडचण मुळातच टाळतो, कारण त्यात मागची पाटी ओळंब्यात उभी ठेवून पुढचे भिंग तेवढे वर सरकवता येते. वास्तूंची छायाचित्रे घेणारे लोक आजही हा अवजड कॅमेरा सोडायला तयार नसतात, ते यामुळेच. त्याची फिल्म साधारण ४ × ५ इंचांची, म्हणजे ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका चौकटीच्या जवळजवळ १४ पट क्षेत्रफळाची असते. मात्र या फिल्मच्या एकेका पत्राला आता काही शे रुपये पडतात आणि गोव्याच्या पावसाळी दमट हवेत नीट न जपलेल्या फिल्मवर बुरशी धरते. फिल्म होल्डरच्या जागी बसेल अशी इलेक्ट्रॉनिक पाटी, म्हणजेच डिजिटल बॅक, हवीशी वाटते ती याचसाठी.

मग ४ × ५ इंचांचा सेन्सरच का बनवत नाहीत? त्याचे उत्तर सिलिकॉनच्या चकतीत आहे. चिप ज्या चकतीवर घडवतात तिचा व्यास आजच्या मोठ्या कारखान्यांत ३०० मिलिमीटर असतो. तिच्यावर २४ × ३६ मिलिमीटरचे पन्नासहून अधिक सेन्सर बसतात. ४ × ५ इंचांचे मात्र दोन, फार ओढाताण केली तर तीन. त्यातही चकतीवर कुठे ना कुठे दोष राहतातच, आणि चिप जितकी मोठी तितकी ती दोषाच्या तावडीत सापडण्याची शक्यता अधिक. समजा लहान सेन्सरांपैकी शंभरात ९० निर्दोष निघाले, तर त्याच दर्जाच्या चकतीवरील १४ पट मोठ्या सेन्सरांपैकी शंभरात जेमतेम २२ किंवा २३ निर्दोष निघतील. शिवाय चिपवर नक्षी उमटवणारे यंत्र एका वेळी सुमारे २६ × ३३ मिलिमीटरचाच भाग छापू शकते. त्याहून मोठा सेन्सर तुकड्यातुकड्यांनी छापून जोडत जावा लागतो. लाखो रुपये मोजून मिळणाऱ्या व्यावसायिक डिजिटल बॅकांचा सेन्सरही सुमारे ५४ × ४० मिलिमीटरपाशी थांबतो, त्यामागचे कारण हेच. २०१८ साली लार्जसेन्स या कंपनीने ९ × ११ इंचांचा कृष्णधवल सेन्सर असलेला कॅमेरा आणला खरा, पण त्याची किंमत १,०६,००० डॉलर होती आणि एकेक पिक्सेल ७५ मायक्रोमीटरचा असल्याने एकूण पिक्सेल सव्वा कोटीच्या आतच होते.

स्वस्त मार्ग वेगळ्या विचारातून निघतो. सबंध चित्र एकाच क्षणी टिपण्याचा आग्रह सोडला, तर चित्राएवढ्या आयताकृती सेन्सरची गरजच उरत नाही. पिक्सेलांची एकच ओळ पुरते. ती ओळ भिंगाने पाडलेल्या प्रतिमेवरून हळूहळू सरकवत न्यायची आणि प्रत्येक थांब्यावर एक रेघ नोंदवायची. १७ मार्च १९८८ रोजी सोडलेल्या आयआरएस-१ए या भारतीय उपग्रहाने पृथ्वीची चित्रे अशीच घेतली. त्याच्या कॅमेऱ्यांत २०४८ पिक्सेलांच्या ओळी होत्या आणि त्या सरकवण्याचे काम उपग्रहाची गतीच करत होती. छायाचित्रणात कॅलिफोर्नियातील बेटर लाइट कंपनीने हेच तत्त्व वापरले. तिची बॅक ४ × ५ कॅमेऱ्यात फिल्म होल्डरच्या जागी सरकवता येई आणि लाल, हिरव्या व निळ्या अशा तीन ओळींचा सेन्सर ७२ × ९६ मिलिमीटरची प्रतिमा टिपत जाई. उत्कृष्ट साधन, पण हौशी माणसाच्या खिशाला तेही जडच.

ओळीचा सेन्सर, तो सरकवणारी मोटर आणि संगणकाशी जोडणारी यूएसबी केबल, हे सगळे कार्यालयातल्या साध्या फ्लॅटबेड स्कॅनरमध्ये तयारच असते, आणि जुना स्कॅनर भंगाराच्या भावात मिळतो. त्यातही सीआयएस पद्धतीचे सडपातळ स्कॅनर या कामाला सोयीचे. सीसीडीच्या जाड स्कॅनरमध्ये आरसे आणि लहान भिंग असते, त्यामुळे कागदाची प्रतिमा आकुंचित होऊन सेन्सरवर पडते. सीआयएसमध्ये मात्र कागदाच्या रुंदीएवढीच लांब सेन्सरपट्टी असते; तिच्यावर बारीक काचदांड्यांच्या भिंगांची ओळ आणि बाजूला प्रकाशासाठी एलईडी. या दांड्या काढून टाकल्या आणि एलईडी बंद केले, की उघडी पट्टी कॅमेऱ्याच्या भिंगातून येणारा प्रकाश थेट झेलू लागते.

येथे एक शंका येते, की स्वस्त स्कॅनरची पट्टी पुरेशी सूक्ष्म असेल का. १२०० डीपीआयच्या, म्हणजे इंचाला १२०० पिक्सेल असलेल्या, पट्टीवर दोन पिक्सेलांमधले अंतर सुमारे २१ मायक्रोमीटर असते आणि ४ × ५ इंचांत २ कोटी ८८ लाख पिक्सेल मिळतात. मोबाइलच्या सेन्सरपुढे हे पिक्सेल अगदीच धिप्पाड वाटतील. पण लार्ज फॉर्मॅटमध्ये खोलवर स्पष्टता मिळवण्यासाठी भिंगाचे छिद्र एफ/२२, म्हणजे त्याच्या नाभीय अंतराच्या बाविसाव्या भागाएवढे, किंवा त्याहून लहान ठेवावे लागते, आणि एफ/२२ ला प्रकाशाच्या विवर्तनामुळे, म्हणजे लहान छिद्रातून जाताना तो पसरत असल्यामुळे, आदर्श भिंगही एका बिंदूचा सुमारे ३० मायक्रोमीटर व्यासाचा ठिपकाच पाडते. म्हणजे पिक्सेल याहून फार लहान केल्याने पदरात थोडेच पडणार. भंगारातली पट्टी या कामाला नेमकी जुळते, ही मला या साऱ्या खटाटोपातली सर्वांत समाधानाची गोष्ट वाटते.

यांत्रिक अडचणी बऱ्याच आहेत, पण सुटण्याजोग्या. ए४ स्कॅनरची पट्टी सुमारे २२ सेंटिमीटर लांब असते आणि ती कापता येत नाही, म्हणून बॅकची पेटी कॅमेऱ्याबाहेर डोकावते. पट्टी ज्या प्रतलात असेल तेथेच फोकसची घासलेली काच यायला हवी. स्कॅनरची ३ मिलिमीटरची काच मध्ये राहू दिली, तर फोकस सुमारे १ मिलिमीटर मागे सरकतो. पिक्सेल अरुंद खाचेच्या तळाशी असल्याने तिरपा प्रकाश कडेला अडतो. त्यामुळे ९० मिलिमीटरच्या रुंद कोनाच्या भिंगापेक्षा २१० मिलिमीटरचे भिंग बरे.

खरी कसोटी सॉफ्टवेअरची. स्कॅनर सुरू होताच तो स्वतःच्या एलईडीने एक पांढरी पट्टी उजळून आपली संवेदनशीलता ठरवतो. एलईडीच नाहीत म्हटल्यावर त्याला अंधार दिसतो, आणि मग तो एक तर बिघाड जाहीर करतो किंवा संकेत बेसुमार वाढवतो. ही तपासणी वगळायची, तर स्कॅनर चालवणारा कंपनीचा बंदिस्त प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, निरुपयोगी ठरतो. लिनक्सवरील ‘सेन’ ही मुक्त प्रणाली घेऊन तिच्यात बदल करावे लागतात. मग दुरुस्तीचे काम आपल्यावर येते. प्रत्येक पिक्सेलची संवेदनशीलता थोडी वेगळी असल्याने चित्रावर सरकण्याच्या दिशेने रेघा उमटतात. त्या घालवण्यासाठी भिंग झाकून एक काळे आणि सारख्या उजेडातल्या पांढऱ्या पृष्ठाचे एक, अशी दोन चित्रे घेऊन गणिताने दुरुस्ती करतात. सेन्सरमधील अंधारी विद्युतधारा, म्हणजे उजेड नसतानाही उष्णतेमुळे वाहणारी धारा, तापमानाच्या दर ६ ते ८ अंश सेल्सिअस वाढीला साधारण दुप्पट होते. मे महिन्यात फोंड्याच्या उन्हात काम करताना सकाळी घेतलेले काळे चित्र दुपारी चालणार नाही.

सिलिकॉनला अवरक्त प्रकाशही दिसतो, आणि स्कॅनरला तो अडवणाऱ्या गाळणीची कधी गरजच पडलेली नसते. ती लावली नाही तर आंब्या-फणसाची गर्द पाने पांढरीफटक येतात. रंगासाठी लाल, हिरव्या आणि निळ्या काचेतून तीन वेळा चित्र घ्यावे लागते. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६१ साली दाखवलेली पद्धत हीच.

पैशांत वाचलेली किंमत अर्थातच वेळात मोजावी लागते. प्रत्येक रेघेला १० मिलिसेकंद धरले, तर ६००० रेघांना पूर्ण एक मिनिट. हा १० मिलिसेकंदांचा आकडा घरातल्या दिव्यांखाली मुद्दाम धरण्याजोगा आहे. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. रेघेचा वेळ १० मिलिसेकंद किंवा त्याच्या पूर्ण पटीत असला, की प्रत्येक रेघेला सारखाच उजेड मिळून चित्रावर पट्टे पडत नाहीत. बाहेर मात्र ढगांवर उपाय नाही. आषाढात एक ढग सूर्यावरून गेला, की निम्मी भिंत उजळ आणि निम्मी काळवंडलेली. माडांच्या झावळ्या वाऱ्यावर वाकड्यातिकड्या होऊन उमटतात आणि माणसांची तर ओळखही राहत नाही.

म्हणून विषय जागचा न हलणारा निवडावा, आणि तशा विषयांची गोव्यात वाण नाही: देवळांच्या भिंतींवरील पांढऱ्या चुन्यातली तांबूस कावी चित्रे, पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेतील निळ्या चित्रफरश्या, ग्रंथसंग्रहांतले जुने नकाशे. पहिलीच बॅक बांधणाऱ्याने कृष्णधवलावर थांबावे आणि ६०० डीपीआयवर काम करावे, असे माझे मत आहे. तेवढ्यानेही ७२ लाख पिक्सेल मिळतात, रेघा निम्म्या झाल्याने वेळ अर्ध्यावर येतो, आणि चुकलेले चित्र पुन्हा घ्यायला फिल्मचे पत्र खर्ची पडत नाही.