तुरीचा किडा, एरंडेल आणि सीताफळाची बी

उन्हाळ्यात तुरीचा डबा उघडला आणि दाण्यांना गोल भोकं दिसली, की घरात दोष झाकणावर येतो. खरं तर ही भोकं पाडणारा भुंगेरा बऱ्याचदा शिवारातूनच आलेला असतो. मादी वाळत्या शेंगांवर अंडी घालते. त्यामुळे बार्शीच्या बाजारात पोचलेल्या तुरीतल्या काही दाण्यांत अळी आधीच मुक्कामाला असते.

चार दाणे तळहातावर घेऊन उजेडात बघा. सालीवर खसखशीहून बारीक, पांढरट ठिपका चिकटलेला दिसला तर ते अंडं. अळी त्याच्या तळातूनच थेट दाण्यात शिरते, आतच खाते, आतच कोष करते आणि उबदार हवेत साधारण महिनाभरात भुंगेरा होऊन बाहेर पडते. या भुंगेऱ्याला खाण्याची गरजच नसते. जेमतेम 10-12 दिवस जगायचं, तेवढ्यात एकेक मादी 70 ते 100 अंडी घालून मोकळी.

अळी एकदा आत गेली की वरून टाकलेला उपाय तिच्यापर्यंत फारसा पोचत नाही. गाठायचं ते अंड्याला. म्हणून डब्यात कडुलिंबाचा पाला टाकण्यावर माझा तरी फार भरवसा नाही. किड्यांचं कात टाकणं बिघडवणारं अझाडिरॅक्टिन पाल्यापेक्षा निंबोळीच्या बीतल्या मगजात कितीतरी जास्त असतं.

एरंडेलाचं काम मात्र चोख. किलोला साधारण 5 मिलिलिटर तेल दाण्यांना चोळलं की तेलकट सालीवर अंडी कमी पडतात. पडलेल्या अंड्याची हवेची वाट तेलाने बुजते आणि आतला जीव गुदमरतो. यात विषाचा फारसा संबंध नाही, त्यामुळे शेंगदाण्याचं तेलही चालतं. त्याआधी तुरीला दोन-तीन कडक उन्हं द्यायची. दाणा दाताखाली कट्‌कन फुटला पाहिजे.

वेखंड आणि सीताफळाच्या बियांची पूड यांची गोष्ट वेगळी. वेखंडातलं बीटा-असरोन किड्यांची प्रजनन क्षमता मारतं, पण उंदरांमध्ये त्यानेच कर्करोगाच्या गाठी झालेल्या आहेत. सीताफळाच्या बियांतली द्रव्यं पेशींची ऊर्जानिर्मिती बंद पाडतात. ती पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते. बार्शीकडे सीताफळाच्या बिया हव्या तेवढ्या मिळतील, पण या दोन्ही पुडी फक्त पेरायच्या बियाण्याला लावाव्यात, तेही नाक-डोळे झाकून. बियाण्याच्या पिशवीवर ठळक खूण हवी, नाहीतर पाहुणे आले की तीच तूर जात्यावर जायची.

खायची तूर वर्षभर ठेवायची असेल तर सरळ डाळ करून घ्यावी. साल काढून भरडलेल्या डाळीत हा भुंगेरा फारसा वाढत नाही.